मंदावलेला सर्व्हर

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

बंद पडलेलें यंत्र दुरुस्त करणें एक वेळ सोपें. मंदावलेलें यंत्र दुरुस्त करणें फार कठीण. घड्याळ बंद पडलें म्हणजे मालक तें घड्याळजीकडे नेतो, आणि तें बिघडलें आहे याविषयीं दोघांचें एकमत असतें. पण दिवसाकाठीं पांच मिनिटें मागें पडणारें घड्याळ महिनेच्या महिने भिंतीवर चालत राहतें, घरांतील माणसें त्याला सरावतात, आणि एखादे दिवशीं गाडी चुकते तेव्हांच त्याचा दोष ध्यानांत येतो. इंटरनेटवरील सर्व्हरचेंहि असेंच आहे.

सर्व्हर हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो. बँकेंत पासबुक भरून घ्यावयास गेलेल्या वृद्ध गृहस्थास खिडकीमागून ‘सर्व्हर स्लो आहे’ असें उत्तर मिळतें, आणि तो निमूटपणें बाकावर जाऊन बसतो. पावसाला जसा कोणी जबाबदार नसतो, तसा या मंदपणालाहि कोणी जबाबदार नसतो, अशी समजूत त्या उत्तरामागें असते. ही समजूत खरी नव्हे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांनीं मागितलेली माहिती अहोरात्र पुरविणारा एक संगणक. त्याच्या मंद होण्याला प्रत्येक वेळीं कारण असतें, आणि नीट शोधलें तर तें बहुधा सांपडतें.

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशीं पंधरा लाखांच्या घरांतील मुलें आणि त्यांचे आईबाप एकाच घटकेला एकच पान मागूं लागतात. तेव्हां तें पान सावकाश आलें तर नवल नाहीं. तो मंदपणा अपेक्षित असतो व त्याची तजवीज आधींच करावयाची असते. येथें विचार करावयाचा आहे तो अनपेक्षित मंदपणाचा. यंत्र तेंच, येणाऱ्यांची संख्या कालच्याएवढीच, कोणीं कशाला हात लावलेला नाहीं. आणि काल अर्ध्या सेकंदांत उघडणारें पान आज दहा सेकंद घेत आहे. अशा वेळीं त्या यंत्राच्या व्यवस्थापकानें आरंभ कोठून करावा?

पहिला प्रश्न असा कीं, मंद झालें आहे तें नेमकें काय? पान मागणारा माणूस आणि पान देणारा संगणक यांच्यामध्यें बरींच ठाणीं असतात. आधीं संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा अंकांत लिहिलेला पत्ता शोधावा लागतो, मग त्या पत्त्याशीं जोडणी होते, मागणी पोंचते, सर्व्हर ती वाचतो, बहुधा डेटाबेसला कांहीं विचारतो, पान तयार करतो आणि तें परत धाडतो. यांपैकीं कोठल्याहि ठाण्यावर खोळंबा झाला तरी मागणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे कोरा पडदा. म्हणून जाणता व्यवस्थापक प्रत्यक्ष सर्व्हरवरूनच तें पान मागून पाहतो. तेथें तें झटकन् आलें तर दोष वाटेंत आहे. तेथेंहि रेंगाळलें तर दोष घरांत आहे. एवढ्या एका परीक्षेनें अर्धा शोध संपतो. तरीहि ती न करतां घाईघाईनें नवी मेमरी विकत घेणारे पुष्कळ आढळतात.

कांहीं दोष मात्र घर आणि वाट यांच्या उंबरठ्यावर असतात. अपाची या प्रसिद्ध वेब सर्व्हरमध्यें, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या अंकांच्या पत्त्यावरून त्याचें नांव शोधून तें नोंदवहींत लिहिण्याची सोय आहे. आरंभींच्या आवृत्त्यांत ती आपोआप चालू असे. नांवें सांगणारा दूरचा संगणक उत्तर द्यावयास उशीर करूं लागला कीं इकडे पाहुणा दारांत उभा, आणि कारकून त्याचें नांव विचारावयास गेलेल्या शिपायाची वाट पाहत बसलेला! प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, आणि पान मात्र येत नाहीं. १९९८ सालच्या १.३ या आवृत्तीपासून ही सोय मुळांत बंद ठेवण्यांत आली; ज्याला हवी असेल त्यानें ती हेतुपुरस्सर चालू करावी.

यावरून दुसरा प्रश्न निघतो. सर्व्हर कामानें दमला आहे, कीं कोणाची तरी वाट पाहत बसला आहे? बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. उपाय मात्र अगदीं निराळे. लिनक्स प्रणालीच्या यंत्रावर ‘लोड ॲव्हरेज’ म्हणून एक आंकडा पाहावयास मिळतो, आणि नवशिके त्यानें हटकून फसतात. आंकडा मोठा दिसला कीं प्रोसेसर थकला असें ते धरून चालतात. वस्तुतः प्रोसेसरसाठीं रांगेंत असलेलीं कामें त्यांत मोजलीं जातात, तशींच डिस्कच्या उत्तरासाठीं अडून राहिलेलीं कामेंहि मोजलीं जातात. आंकडा मोठा आणि प्रोसेसर रिकामा असें दिसलें तर दृष्टि डिस्ककडे वळवावी. मेमरी अपुरी पडल्यामुळें यंत्र आपलें सामान वारंवार डिस्कवर टाकीत व तेथून उचलीत असेल, किंवा डेटाबेसमधील एखाद्या तक्त्याला सूचि नसल्यामुळें एका नोंदीसाठीं सारा तक्ता चाळावा लागत असेल. हजार नोंदी असतांना तें जाणवत नाहीं. दहा लाख झाल्या कीं जाणवतें, आणि मग लोक म्हणतात कीं सर्व्हर ‘अचानक’ मंद झाला.

या ‘अचानक’पणाचें मर्म रांगेच्या गणितांत आहे. तें शास्त्र संगणकाहून जुनें. ए. के. एर्लांग हा डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत कामाला होता. टेलिफोनच्या मागण्या कशा येतात याविषयींचा त्याचा निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यावर पुढें सारी इमारत उभी राहिली. त्यांतील एक साधा निष्कर्ष असा. खिडकी एक असेल आणि गिऱ्हाइकें अनियमितपणें येत असतील, तर खिडकी निम्मा वेळ कामांत असतांना गिऱ्हाइकाला लागणारा सरासरी वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो. ती शंभरांतील ९० भाग कामांत असेल तर तो दसपट होतो, आणि ९० चे ९५ झाले कीं वीसपट! कामांत भर जेमतेम, आणि वेळ मात्र दुप्पट. कालपर्यंत काठोकाठ भरलेला सर्व्हर आज ओसंडला, तर त्याला नवें कारण लागत नाहीं. एक जास्तीचा थेंब पुरतो.

परंतु कधीं कधीं तो थेंब फारच विलक्षण असतो. २० जुलै २०१६ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें रात्रीं सव्वाआठच्या सुमारास, स्टॅक ओव्हरफ्लो हें संकेतस्थळ उघडेनासें झालें. जगांतील प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या अडचणी तेथें विचारतात व एकमेकांना उत्तरें देतात. हल्ला झाला नव्हता, गर्दी उसळली नव्हती. तरी सर्व्हरांचे प्रोसेसर जणूं एखाद्या प्रचंड गणितांत गढून गेले होते. तें गणित कसलें? कोणा एकानें तेथें जो मजकूर लिहिला होता, त्यांतील एका ओळींत लागोपाठ सुमारें २०,००० मोकळ्या जागा पडल्या होत्या. मजकुराच्या आरंभींच्या व शेवटच्या मोकळ्या जागा छाटून टाकण्यासाठीं सर्व्हरमध्यें एक नियम होता. अशा नियमाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. हा नियम पहिल्या मोकळ्या जागेपासून मोजूं लागे. वीस हजार जागा ओलांडून गेल्यावर त्याला शेवट न सांपडतां दुसरेंच अक्षर सांपडे. मग तो माघारा येई आणि दुसऱ्या जागेपासून पुन्हां मोजूं लागे. पुन्हां तेंच अक्षर. मग तिसरीपासून! वीस हजार, अधिक एकोणीस हजार नऊशें नव्व्याण्णव, अधिक त्याहून एक कमी, अशी ही बेरीज सुमारें वीस कोटींवर जाते. एवढा खटाटोप कांहींच न छाटण्यासाठीं. आणि तो मजकूर संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावरील यादींत आलेला असल्यामुळें, तें पान मागणाऱ्या प्रत्येक माणसागणिक तो नव्यानें चाले.

यापुढील भाग अधिक मनोरंजक आहे. पुष्कळ सर्व्हर एकत्र काम करीत असतात, तेव्हां त्यांच्यापुढें लोड बॅलन्सर नांवाचा एक जमादार असतो. तो प्रत्येकाची प्रकृति मधूनमधून तपासतो, आणि जो आजारी दिसेल त्याच्याकडे पाहुणे धाडीत नाहीं. तेथील जमादार प्रकृति तपासण्यासाठीं नेमकें पहिलें पान मागत असे. तें वेळेवर येईना; तेव्हां त्यानें एकामागून एक सर्व्हर आजारी ठरवून बाजूला काढले. बाकीचीं पानें देण्याची ताकद ज्यांच्यांत होती, तेहि घरीं बसविले गेले. एका पानाचा मंदपणा असा साऱ्या संकेतस्थळाच्या मुळाशीं आला. जमादारानें आपलें काम चोख केलें होतें. चुकीची होती ती त्याला नेमून दिलेली परीक्षा.

एकंदर ३४ मिनिटें हा प्रकार चालला. तेथील अभियंत्यांनीं नंतर जाहीर केलेला हिशेब असा: कारण शोधण्यास १० मिनिटें, दुरुस्ती लिहिण्यास १४ आणि ती सर्व्हरांवर चढविण्यास १०. तो नियम काढून त्या जागीं साधी अक्षरें तपासणारी रीत घातली गेली. यंत्र बंद करून पुन्हां चालू करण्याचा जो सर्वपरिचित उपाय आहे, तो येथें कवडीच्याहि कामाचा नव्हता. मजकूर जागच्या जागीं होता, आणि उठलेल्या सर्व्हरला पहिल्याच पाहुण्यानें तेंच पान मागितलें असतें. हा उपाय अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. दवाखान्याचें संकेतस्थळ अडलें असेल आणि रोगी ताटकळत असतील, तर शास्त्रशुद्ध चिकित्सा करीत बसणें हा निर्दयपणा होय. पण यंत्र बंद केलें कीं मेमरींत असलेला पुरावाहि पुसला जातो. म्हणून कोणतें काम किती वेळ खात आहे, कोण कोणासाठीं अडून आहे, याची निदान एक नोंद तरी आधीं काढून घ्यावी. तिला मिनिटापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं, आणि ती नसली तर तेंच दुखणें पुढच्या आठवड्यांत पुन्हां नव्यानें भेटतें.

‘कालपासून काय बदललें?’ हा अनुभवी लोकांचा आवडता प्रश्न. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या बाबतींत तो अचूक लागू पडला असता. २ जुलै २०१९ रोजीं तिच्या माणसांनीं एक नवा सुरक्षा-नियम जगभरच्या सर्व्हरांवर एकदम चढविला. त्यांतहि असेंच घातक रेग्युलर एक्स्प्रेशन होतें, आणि सारे प्रोसेसर एकाच वेळीं पूर्ण गुंतून सुमारें २७ मिनिटें असंख्य संकेतस्थळें अडून राहिलीं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या बाबतींत मात्र तोच प्रश्न फसवा ठरला असता, कारण तेथें बदललेली वस्तु यंत्रांत नव्हती. ती एका पाहुण्याच्या लिखाणांत होती.

मंदपणा मोजीत बसणाऱ्याच्या हातीं क्वचित् भलतेंच कांहीं लागतें. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड नांवाचा अभियंता डेटाबेसच्या वेगाच्या कांहीं बारीक चाचण्या घेत होता. त्यासाठीं त्याला शांत यंत्र हवें होतें. सर्व्हरची देखभाल करणारे लोक दुरून ज्या दारानें आंत येतात, त्याला एसएसएच म्हणतात. त्या दारावर कोणी ना कोणी खोटीं नांवें सांगून थडकत असतें, आणि अशांना तत्काळ परत लाविलें जातें. फ्रॉइंडला दिसलें असें कीं, या परत लावण्याच्या क्षुल्लक कामांतच प्रोसेसर वाजवीपेक्षां फार झिजत आहे. त्यानें मोजून पाहिलें. अस्तित्वांत नसलेल्या नांवानें प्रवेश मागितला असतां पूर्वीं ०.२९९ सेकंद लागत, आतां ०.८०७ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा हा फरक! दुसऱ्या कोणीं तो हंसण्यावारी नेला असता.

तो वेळ कोठें जातो हें पाहिल्यावर गूढ वाढलें. माहिती आवळून लहान करणारा एक्सझेड नांवाचा एक प्रोग्राम आहे. त्याच्या एका भागांत तो वेळ जात होता, आणि त्या भागांतील कोणत्या कामांत, हें सांगावयास मापनाचें साधन असमर्थ ठरलें. दारावर नांव विचारणाऱ्याचा आणि सामान आवळणाऱ्याचा संबंध काय? कांहीं आठवड्यांपूर्वीं दुसऱ्याच एका चाचणींत आलेली एक चमत्कारिक तक्रार फ्रॉइंडला आठवली आणि त्यानें धागा सोडला नाहीं. ‘जिया तान’ हें नांव धारण करणारी कोणी व्यक्ति २०२१ सालापासून त्या प्रोग्रामच्या कामांत मदत करीत आली होती. तिनें हळूहळू विश्वास संपादन करून त्याच्या व्यवस्थेंत वांटा मिळविला होता, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदार बसविलें होतें. चाचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत तें लपविलेलें होतें. विशिष्ट किल्ली ज्याच्याजवळ असेल, त्याला अशा सर्व्हरवर दुरून वाटेल ती आज्ञा चालवितां आली असती.

फ्रॉइंडनें प्रथम डेबियनच्या सुरक्षा पाहणाऱ्या मंडळींस खाजगीरीत्या कळविलें, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व हकीकत जाहीर केली. त्याच दिवशीं रेड हॅटनें आपल्या लोकांस तातडीचा इशारा दिला. त्या दोषाला धोक्याच्या मापांत दहापैकीं दहा गुण देण्यांत आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत, म्हणजे ज्या आवृत्तीवर बहुतेक लोक आपले सर्व्हर विश्वासानें चालवितात तींत, तो प्रोग्राम अद्याप शिरलेला नव्हता. चाचणीसाठीं असलेल्या आवृत्त्यांतून तो काढून घेण्यांत आला व जुना परत बसविण्यांत आला.