अपडेट चालू आहे, बंद करू नका

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटीव्हायरस घ्यावा? उत्तर देते, पण त्याआधी आमच्याच घरात काय झालं ते सांगते. कारण आमच्याकडेही अँटीव्हायरस होता.

2019 साल. मी पुण्यात बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. बाबा कराडला, शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. घरच्या डेस्कटॉपवर फोटो, सोसायटीचे हिशेब वगैरे होतंच, पण मुख्य म्हणजे आजीच्या ओव्या होत्या. बाबांनी तिला खुर्चीत बसवून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या, नंतर त्यांच्या एमपीथ्री करून घेतल्या होत्या. चाळीसेक फायली. आजी आदल्या वर्षीच गेली होती.

एका दुपारी बाबांना एका पीडीएफमध्ये दुरुस्ती करायची होती. विकतचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून शोधाशोध केली तर 'फुल व्हर्जन, क्रॅकसकट' असं एक फुकट सापडलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ: इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. बाबांनी केला. न घाबरता केला, कारण दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मीच त्यांच्यासमोर एक गेम टाकताना तसं केलं होतं. वर ऐटीत म्हटलंही होतं, "क्रॅक दिसला की तो उगाच ओरडतो हो बाबा."

सॉफ्टवेअर काही सुरू झालं नाही. थोड्या वेळाने विंडोज अपडेटची विंडो आली. टक्के सरकतायत, हार्ड डिस्क घरघरतेय, मशीन पार हळू झालेलं. इथेही माझीच शिकवण आडवी आली: अपडेट चालू असताना कॉम्प्युटर बंद करायचा नसतो. बाबा उठले, चहा टाकला, पेपर वाचत बसले.

संध्याकाळी फोन. "अगं, अपडेट झाल्यापासून एकही फोटो उघडेना. प्रत्येक नावापुढे चार अक्षरं चिकटलीयेत. आणि एक इंग्रजी चिठ्ठी आलीये, पैसे मागतायत."

ती अपडेट नव्हतीच. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखलं जाणारं ते रॅन्समवेअर होतं, म्हणजे तुमच्या फायलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागणारा व्हायरस. क्रॅक आणि फुकट अ‍ॅक्टिव्हेटरच्या पोटातून तो घरोघरी गेला. फायलींना कुलूप लावायला वेळ लागतो, डिस्क आवाज करते, माणसाला संशय येऊ शकतो. म्हणून तोवर समोर अपडेटची खोटी विंडो ठेवायची. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला माझे बाबा चांगलेच माहीत होते म्हणायचे. चिठ्ठीत 980 डॉलर मागितले होते, 72 तासांत संपर्क केला तर निम्मे, 490.

पैसे दिले नाहीत. दिल्यावर किल्ली मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. बॅकअपची हार्ड डिस्क होती आमच्याकडे, पण ती कायम मशीनला लावलेली असायची. तिच्यावरच्या फायलींच्या नावापुढेही तीच चार अक्षरं.

असं कुणाकडे झालं तर दोन गोष्टी जरूर करा. पासवर्ड बदला, आणि ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून. या व्हायरससोबत पासवर्ड चोरणारा जोडीदारही बऱ्याचदा येतो. दुसरं, मशीन फॉरमॅट करण्याआधी त्या कुलूपबंद फायली एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. आज किल्ली नसेल, पुढे निघू शकते. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेली 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, तिथे अशा किल्ल्या फुकट मिळतात.

आमच्या व्हायरसची तिथे जुळणारी किल्ली मिळाली नाही. पण वाचताना कळलं की हा घाईत असतो. पूर्ण फाइल बिघडवत नाही, फक्त सुरुवातीचे साधारण 150 केबी. फोटोला तेवढं पुरतं, तो उघडतच नाही. एमपीथ्री मात्र छोट्या छोट्या तुकड्यांची माळ असते, पुढचे मणी गेले तरी मागचे वाजतात. अशा फायली दुरुस्त करणारं एक फुकट टूल आहे, त्यातून सगळ्या ओव्या काढल्या. 128 केबीपीएसच्या रेकॉर्डिंगमध्ये 150 केबी म्हणजे साडेनऊ सेकंद. आता आजीची प्रत्येक फाइल मधूनच सुरू होते. पहिली ओळ कुठेच नाही.

तर अँटीव्हायरस. विंडोजमध्ये आधीच असलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो, असं माझं मत. विकतचा घ्यायचा तर घ्या, पण 'मला बंद कर' असं सांगणारी फाइल उघडणार असाल तर दोन्ही सारखेच.

आणि अपडेट. या प्रकारानंतर बाबा म्हणाले, आता अपडेट नकोच. त्यांची भीती खोटी नव्हती. खऱ्या अपडेटनेही लोकांना रडवलंय. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडवल्या, मायक्रोसॉफ्टला ती थांबवावी लागली. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे 85 लाख मशीन निळ्या पडद्यावर गेली. ती बहुतेक कंपन्यांची होती, पण आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्यामुळेच.

पण अपडेट बंद ठेवल्यावर काय होतं तेही बघा. 12 मे 2017 ला वॉनाक्राय पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी अपडेट 14 मार्चलाच आली होती. जवळपास दोन महिने लोकांनी 'नंतर' दाबलं.

म्हणून आमच्याकडे आता क्रम ठरलाय. महिन्यातून एकदा, रविवारी, बाबा डिस्क लावतात, कॉपी करतात आणि डिस्क काढून कपाटात ठेवतात. मग अपडेट. अपडेटने काही बिघडवलंच तर कपाटात प्रत आहे. रिटर्न भरायचं असेल किंवा काही छापायचं असेल त्या आठवड्यात सेटिंग्जमधून अपडेट 'पॉज' करायची, एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत करता येते. कायमची बंद करायची नाही. आणि अपडेटची विंडो आली की सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन बघायचं, तिथे तीच अपडेट चालू दिसतेय का. ब्राउझरमध्ये आलेली 'अपडेट करा' ही पाटी तर बघायचीच नाही. सेटिंग्जमध्ये काही नाही आणि डिस्क घरघरतेय, तर सरळ प्लग उपटायचा. हो, मीच सांगतेय.

बाबांचं लॉगिन आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही, साधं आहे. काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे आहे. याने सगळं थांबत नाही, त्यांच्या स्वतःच्या फायलींना कुलूप तरीही लागू शकतं. पण इन्स्टॉलआधी एक फोन होतो, आणि आता मी नुसतं 'कर' किंवा 'नको' म्हणत नाही, का ते सांगते. परवा पाऊण तास बोललो, एका प्रिंटरच्या ड्रायव्हरवरून.

विंडोज 10 वाल्यांसाठी: 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. नोंदणी केली तर सुरक्षेच्या अपडेटसाठी एक वर्ष वाढवून मिळतं. आमच्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम 2.0 नाही, त्यामुळे विंडोज 11 चालत नाही. त्यावर लिनक्स मिंट टाकायचा बेत आहे. पुढच्या भागात तेच बघू, मराठी टायपिंगसकट. बाबांनी विचारलंय, "ओव्या वाजतील ना त्यात?" वाजतील.