हलक्या गाण्याचे वजन



एखाद्या तरुणाने गमतीचे गाणे रचावे, मोबाइलवरून ते आठवड्याभरात घरोघरी पोहोचावे आणि वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारावे, "संगीत शिकलास ते याचसाठी का?" हे दृश्य आता बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावालाही नवे राहिलेले नाही. प्रश्न मात्र जुना आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बालाघाटकरांची राजधानी नागपूर होती. त्याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी संगीत शिकलेल्या एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात ते उत्तर सापडते.

हा विद्यार्थी म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. १९१८ साली पुणतांब्यास त्यांचा जन्म झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन आणि नागपुरास सप्रे अशा गुरूंपाशी त्यांचे शास्त्रोक्त शिक्षण झाले. नट होण्याच्या हौसेने ते चित्रपटात शिरले. पण 'नागानंद' या बोलपटातील नायकाची भूमिका काही फळली नाही, आणि हाती पेटी आली. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दुसऱ्यांच्या चालींना साथ करता करता त्यांची स्वतःची चाल बांधण्याची तयारी झाली. १९४२ साली मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ला त्यांनी संगीत दिले.

काम मिळत होते. पण नाव सर्वतोमुखी झाले ते १९४७ साली, 'शहनाई' चित्रपटातील 'आना मेरी जान, संडे के संडे' या गाण्याने. शब्द दिग्दर्शक प्यारेलाल संतोषी यांचे. एक साहेबी थाटाचा गृहस्थ पॅरिस-लंडनच्या सहलीचे आणि कोंबडीच्या अंड्यांचे आमिष दाखवतो, आणि देशी तरुणी त्याला फटकारते, एवढाच मामला. साथीला गिटार, माउथ ऑर्गन आणि मध्येच शीळ. संगीतकार स्वतःच 'चितळकर' या नावाने गायले. ज्या वर्षी साहेब देश सोडून निघाला, त्याच वर्षी त्याची ही थट्टा लोकांच्या ओठांवर बसली.

मग 'पतंगा', 'समाधी' आणि १९५१ चा 'अलबेला' अशी रांगच लागली. या चालींना गोव्याच्या वादकांचे मोठे साहाय्य होते. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली ही मंडळी. त्यांत हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेटसाठी विशेष नावाजले गेले.

अशा गाण्यांवर नाके मुरडणारेही होतेच. डॉ. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. अभिजात संगीताविषयीची त्यांची तळमळ खरी होती. पण श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ साली आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. श्रोत्यांची आवड हुकमाने बदलत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

पण जनतेच्या टाळीवर विसंबून सी. रामचंद्र थांबले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. १९५३ साली त्यांनीच 'अनारकली'चे आर्त, भावमधुर संगीत दिले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी जे गीत गायिले, त्या 'ऐ मेरे वतन के लोगो'चे शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल सी. रामचंद्रांची. रविवारच्या थट्टेची चाल ज्याने बांधली, त्यानेच हुतात्म्यांच्या स्मरणाची चालही बांधली.

गमतीचे गाणे दार उघडते. पुढे घरात टिकून राहण्यास मात्र पूर्वीची मेहनत लागते. तेव्हा एखाद्या मुलाचे असे गाणे गाजले, तर वडीलधाऱ्यांनी आठ्या घालू नयेत. मनमोकळे हसावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एवढेच विचारावे, "बाळ, आज रियाझ झाला का?"