पंखा बंद करून



मला इथे बोलावलं तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, तुमचा बहुतेक नंबर चुकला. या मालिकेत मोठमोठी माणसं बोलून गेली आहेत. मी सिग्नल्समधून निवृत्त झालेला कर्नल, राहतो महूला, आणि जिन्याखालच्या खोलीत बसून गाणी रेकॉर्ड करतो. काही माझी, काही दुसऱ्यांची. आजपर्यंत चौसष्ट झाली. ऐकणाऱ्यांची नोंद चारशे बाराची आहे. त्यातले शंभरएक माझे कोर्समेट, आणि त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं असेल याची मी हमी देत नाही. आयोजक म्हणाले, त्याबद्दलच बोला. तर बोलतो. माझं मराठी तीन पिढ्या इंदुरात मुरलेलं आहे, त्यात फौजेची फोडणी. सांभाळून घ्या.

आधी खोली. आठ बाय सहाची अडगळीची खोली, तिरक्या छताची. घरात एक मोठी, छान बैठकीची खोली असताना इथे का? कारण बैठकीच्या खोलीत समोरासमोर कोऱ्या भिंती आहेत आणि खाली फरशी आहे. तिथे टाळी वाजवून पाहा, टाळीला शेपूट येतं. माइकला ते शेपूट आपल्या कानापेक्षा जास्त ऐकू येतं. अडगळीत जुन्या रजया, होल्डॉल, माझा बिस्तरबंद, दोन ट्रंका. तिथे टाळी वाजवली की ती जागच्या जागी मरते. मी फक्त रजया खुंट्यांवर टांगल्या. स्टुडिओ म्हणतात तो एवढाच.

माइकची चूक मात्र केली. दुकानदाराने सांगितलं, कंडेन्सर घ्या, सगळं बारीक टिपतो. घेतला. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्यासाठी ती छोटी पेटी घ्यावी लागते, तीही घेतली. आणि दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने सगळं टिपलं! माझा आवाज, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, बायकोच्या बांगड्या, आणि महूच्या गल्लीतले सगळे कुत्रे. आपल्यासारख्यांनी साधा डायनॅमिक माइक घ्यावा, तोंडाजवळ धरावा आणि गावं. तो जवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो. शिवाय जवळून गायलं की खालचे स्वर जरा भरीव लागतात. साठीनंतर ही मदत नाकारू नये.

हे मला आधीच कळायला हवं होतं. याच महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये मी तरुण अफसर म्हणून शिकलो. पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट अशी की संदेश किती मोठा आहे याला महत्त्व नाही. तो भोवतालच्या खरखरीपेक्षा किती मोठा आहे याला आहे. तीस-बत्तीस वर्षं मी तेच केलं. आणि स्वतःच्या गाण्याच्या वेळी पंखा चालू ठेवून बसलो. आता पंखा बंद, फ्रिज बंद, आणि वेळ पहाटे चारची. मे महिन्यात त्या खोलीत पंख्याशिवाय तीन गाणी म्हणजे बनियन पिळून काढावा लागतो. सव्वापाचला कोकिळा सुरू होते, तिला बंद करता येत नाही.

दुसरी अडचण उशिराची. हेडफोनमध्ये ठेका वाजतोय, मी त्यावर गातोय, आणि माझाच आवाज मला मागून येतोय. मग मी थांबतो, तो थांबतो, मी पुन्हा मागे पडतो. महिनाभर मला वाटलं, वय झालं, लय गेली. मग एके दिवशी कागद-पेन्सिल घेतली. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि ठरावीक गठ्ठ्याने पुढे पाठवतो. माझ्याकडे गठ्ठा १,०२४ चा होता. म्हणजे तेवीस मिलिसेकंद फक्त गठ्ठा भरायला, आणि तितकाच वेळ परत येताना. गठ्ठा १२८ चा केला, तीन मिलिसेकंद झाले. माझी लय तिथेच होती. मध्यंतरी मुलाने भेट दिलेला बिनतारी हेडफोन लावला होता, तो तर याच्या कितीतरी पट उशीर करतो. ऐकायला उत्तम, गायला निरुपयोगी. तारेचा वापरा.

आता जरा नाजूक विषय. स्वतःचा आवाज.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा वाटलं, हा कोण? पातळ, नाकातला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सावधान-विश्राम केल्यासारखा. पातळ का वाटतो त्याचं कारण सोपं आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खर्ज वाढवून देतात. माइकला आपली कवटी मिळत नाही. जग आयुष्यभर जो आवाज ऐकत आलं, तो मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. सावधान-विश्रामचं कारण बायकोने सांगितलं. म्हणाली, "अहो, तुम्ही गाताय की परेड घेताय?"

त्यासाठी दुसऱ्यांची गाणी उपयोगी पडली. मी अरुण दात्यांपासून सुरुवात केली. एक तर ते आमच्या इंदूरचे, रामूभय्या दात्यांचे चिरंजीव. दुसरं म्हणजे ते टेक्स्टाइल इंजिनिअर, नोकरी सांभाळून गायले, हे मला जवळचं वाटतं. त्यांचं गाणं सोपं वाटतं. एक ओळ रेकॉर्ड करा, मूळ ओळ तिच्याशेजारी ठेवा, आणि मग किती सोपं आहे ते सांगा! मी शब्द उच्चारत होतो, ते शब्द ठेवत होते, अलगद. एका गाण्याची चोवीस रेकॉर्डिंगं केली. तेविसावं बरं होतं, ते चुकून पुसलं.

श्वासाचाही प्रश्न होता. कर्नलची छाती असली तरी फुफ्फुसं साठीचीच. त्यावर एकदा देवासला गेलो होतो, महूहून दीडेक तास. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन तिथे राहायला आले, आणि काही वर्षं गाणंच बंद होतं. पुढे जे गाणं आलं त्यात छोट्या, झपकन येणाऱ्या जागा आहेत. जाणकार सांगतात की आजाराने श्वासावर आलेल्या मर्यादेतून त्यांनी ती वाट काढली. मी कुठे, ते कुठे. पण परत येताना गाडीतच मी माझ्या एका गाण्याची लांबलचक ओळ मधोमध तोडली, आणि ती तिथे तुटायलाच हवी होती.

दुसऱ्यांची गाणी लोकांसमोर ठेवणाऱ्यांनी कायदा थोडा समजून घ्यावा. लोक म्हणतात, आपण पैसे कुठे कमावतो? तो प्रश्नच नाही. गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा. घरात म्हणा, कोणी विचारत नाही. सगळ्यांना ऐकायला ठेवलं की विषय बदलतो. बाजारातला कराओके वाजवून त्यावर गायलात तर तो ट्रॅकही कोणाच्या तरी मालकीचा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कव्हरसाठी परवान्याची सोय आहे, पण मूळ गाणं आल्यावर पाच वर्षं थांबायचं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची. चारशे बारा श्रोत्यांच्या माणसाने करायचं काय? माझ्यापुरतं उत्तर असं: मोठ्या व्हिडिओ मंचांवर यंत्रणा गाणं ओळखते, जाहिरातीचा काही पैसा असलाच तर बहुतेक वेळा मालकाकडे वळवते, कधी गाणं काढूनही टाकते. काढलं तर मी भांडत नाही.

शब्दांचा आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ साली, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. गीतरामायणाच्या छप्पन्न गाण्यांना हात लावताना हे लक्षात असू द्या. पण आमच्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. त्यांच्या कविता २००२ पासून सगळ्यांच्या. त्यांना लता मंगेशकरांनी गायलेल्या ज्या चाली आहेत त्या मात्र वेगळ्या. कविता मोकळी झाली म्हणून चाल मोकळी होत नाही. मी तांब्यांच्या चार कवितांना स्वतःच्या चाली लावल्या. बायको म्हणते, लोक जुन्याच चाली का गुणगुणतात ते आता समजलं.

कोणाचं काय, हे मी इतकं घोकतो त्याला कारण आहे. आता ते सांगतो.

माझं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं माझं स्वतःचं आहे. निदान तसं मी लिहिलं होतं. गीत, संगीत, गायन, तिन्हीपुढे माझं नाव. रात्रीच्या पहाऱ्यावरचं गाणं आहे, शब्द मराठी. ते मी दुपारच्या दोन तासांत केलं आणि मला फार नवल वाटलं की चाल इतकी आपोआप कशी आली.

जबलपूरला सिग्नल्सच्या जुन्या मंडळींचा मेळावा होता. रात्री जेवणानंतर मी दोनतीन जणांना मोबाइलवर ते ऐकवलं. एक निवृत्त सुभेदार, माझ्या जुन्या कंपनीतले, मान हलवत ऐकत होते. मग मान थांबली. म्हणाले, "साब, ये तो उसकी धुन है."

कोणाची ते त्यांना सांगावं लागलं नाही.

१९८६ चा हिवाळा. उत्तर सिक्कीम. मी नवा कॅप्टन. आमच्या डिटॅचमेंटमध्ये कुमाऊंचा एक नाईक होता, रेडिओ ऑपरेटर. रात्री दोनच्या चेकच्या वेळी मी सेटवर ऐकत होतो आणि त्या खरखरीत कोणीतरी गुणगुणत होतं. त्याचा प्रेसल स्विच दाबलेला राहिला होता. स्विच दाबलेला असेपर्यंत त्या नेटवर दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. रात्री दोन वाजता, त्या जागी, हा लहान गुन्हा नाही. सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, झाडलं आणि जादा ड्युटी लावली. शेवटी म्हणालो, "गाना है तो छुट्टी लेकर घर जाओ."

शिक्षा बरोबर होती. आजही देईन. ते शेवटचं वाक्य नियमात नव्हतं.

नंतरच्या दीड वर्षात मी त्याला गाताना ऐकलं नाही. बडा खान्यालाही नाही. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, आठवायला बसलो तेव्हा जाणवलं. आणि चाल माझ्या कानात चाळीसेक वर्षं बसून राहिली, ती एका दुपारी माझी म्हणून बाहेर आली.

सुभेदारसाहेबांनी चौकशी केली. नाईक पेन्शनवर जाऊन काही वर्षांपूर्वी वारला होता. पत्नी गावी, मुलगी हल्द्वानीला शाळेत शिकवते. फोन हातात घेऊन मी चार दिवस बसलो. काय सांगायचं? तुझ्या वडिलांना मी गाण्यावरून झाडलं आणि मग त्यांचं गाणं माझ्या नावावर लावलं? शेवटी तेच, त्याच क्रमाने सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "पापा गाते थे?"

तिने कधी ऐकलं नव्हतं.

शब्द काय होते, हे तिने विचारलं. मला माहीत नाहीत; खरखरीत चाल तेवढी ऐकू आली होती. ती कुमाऊंची लोकधुन आहे की त्याची स्वतःची, तेही सांगता येईना. मी दोन कुमाऊनी मित्रांना ऐकवली, त्यांना ओळखीची वाटली नाही. मुलगी म्हणाली, तुमचे मराठी शब्द मला कळत नाहीत, शब्दांशिवाय पाठवाल का? मी अडगळीत गेलो, ठेका नाही, तंबोरा नाही, नुसतं गुणगुणून पन्नास सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. त्या खोलीत चौसष्ट गाणी झाली, पण हात तेव्हाच थरथरला. कर्नल असल्याचा काही उपयोग झाला नाही.

गाण्याखालचं संगीतकाराचं नाव मी बदललं आहे. तिच्या संमतीने तिथे आता तिच्या वडिलांचं नाव आहे. इथे घेत नाही, भाषणात नको असं ती म्हणाली.

पाठवलेलं रेकॉर्डिंग तिने गावी आईला ऐकवलं. गेल्या आठवड्यात फोन आला. आईने ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुट्टीवर आले की म्हशीचं दूध काढताना ते हेच गुणगुणायचे, नंतर बंद झालं. आईला शब्द आठवत नाहीत. पण ती म्हणाली, कर्नलसाहेबांना सांग, फार हळू म्हटलंय, ते याहून जलद म्हणायचे. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी वर जायचे, खाली नाही. तिने फोनवर ती जागा म्हणून दाखवली. तिचा आवाज कापत होता, स्वर मात्र पक्का होता.

ती जागा मला चाळीस वर्षांपूर्वी खरखरीत ऐकू आली नव्हती, मी माझ्या मनाने भरली होती. आता परत करायचं आहे, जलद, आणि शेवटी वर जाऊन. तो वरचा पंचम मला अजून नीट लागत नाही. रोज पहाटे चारला बसतो. उद्याही बसायचं आहे, तेव्हा मला आता आज्ञा द्या.