चित्रपट जळाला, कागद उरला

मी जबलपूरच्या रिछाईतून बोलतोय. रिछाई म्हणजे आमच्या गावाची औद्योगिक वसाहत. जवळच खमरियाचा दारूगोळा कारखाना. अशा ठिकाणाहून एक निवृत्त फौजी जुन्या मराठी सिनेमांच्या पोस्टरांवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं. पण दारूगोळ्याचा आणि पोस्टरांचा संबंध आहे. तिथूनच सुरुवात करतो.

मूकपटांच्या काळातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. तोफगोळ्यामागे जी बिनधुराची दारू असते, तिचा मूळ पदार्थही याच कुळातला. ती पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी वर्षानुवर्षं आतून कुजते, चिकट होते, शेवटी भुकटी होते. त्यात चांदीसाठी कितीतरी रिळं वितळवली गेली. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले असं मानतात. त्यातले पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजता येतील. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातलं नायट्रेट फिल्मचं कोठार जळालं, त्यात आणखी ठेवा गेला.

आता कोल्हापूरला चला. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून ते बाबूराव पेंटर झाले. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला. कॅमेराही यांनी घरीच बनवला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. तो ‘सैरंध्री’ आज तुम्हाला-मला पाहता येत नाही.

मात्र बाबूरावांनी १९२४ साली काढलेल्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर उरलं आहे. आज हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत ते सर्वांत जुनं मानलं जातं. गंमत पाहा. सिनेमा जपण्यासाठी होता, तो गेला. पोस्टर आठवडाभर भिंतीवर राहून पावसात भिजण्यासाठी होतं, ते शंभर वर्षं टिकलं.

त्या काळी बरीचशी पोस्टरं शिळाछापावर निघायची. दगडावर चित्र काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. एखादा दगड केसभर सरकला तर नायिकेच्या ओठांचा रंग गालावर जायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रस्त्यापलीकडून कळलं पाहिजे की आत युद्ध आहे, देव आहेत की रडू आहे. हे काम चित्रकाराचं होतं, आणि आपल्याकडे चित्रकारच सिनेमावाले झाले. दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी शांतारामबापू, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी केली. पुढे कोल्हापूरचेच जी. कांबळे असे गाजले की ‘मुघल-ए-आझम’च्या प्रचारासाठीही त्यांचा कुंचला लागला.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे सर्फर आहेत. त्यांचे सिनेमे बड ब्राउन नावाच्या माणसाने १९५३ पासून दाखवायला सुरुवात केली. स्वतः चित्रण करायचं, शाळेचं सभागृह घ्यायचं आणि पडद्याशेजारी उभं राहून स्वतःच निवेदन करायचं. पुढे ब्रूस ब्राउनच्या ‘द एंडलेस समर’साठी जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड या चित्रकाराने १९६४ मध्ये पोस्टर केलं. भडक नारिंगी-गुलाबी आकाशापुढे फळ्या घेतलेल्या काळ्या आकृत्या. सिनेमा न पाहिलेल्या माणसांच्या भिंतींवरही ते लागलं. तिथे ते जपलं गेलं, कारण लोकांना वेळेवर कळलं की हा रद्दीचा कागद नाही.

आपल्याला कळलंय का, हा माझा प्रश्न आहे. जबलपूर, इंदूर, नागपूर, बडोदा, बेळगाव, जिथे मराठी घरं आहेत तिथे जुन्या ट्रंका आहेत. त्यात पोस्टर नसेल कदाचित, पण बोलपटाच्या गाण्यांची पुस्तिका असू शकेल, थिएटरची हँडबिलं असू शकतील. कथासार, नटांची नावं, गाणी, खाली छापखान्याचं नाव. ज्या सिनेमाचं रीळ उरलं नाही, त्याचा तेवढाच पुरावा.

असं काही सापडलं तर चार गोष्टी पाळा. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उघडू नका. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. फौजेत आम्ही नकाशे कापडावर चढवून घ्यायचो, म्हणजे घडीवर फाटत नसत. पोस्टरांचे जाणकारही तसंच करतात, पण मध्ये पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती खळ पुढे पाण्याने सुटते. हे घरी करायचं काम नव्हे.

घरी करायचं ते एवढंच: दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते कुणी, कुठून आणलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासून ही संस्था फिल्मबरोबर पोस्टरं आणि पुस्तिकाही सांभाळते आहे.

या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरची ती ट्रंक एकदा उघडा. एवढीच विनंती.