मत्स्यतळ्यातील ऊ आणि नांगरकृमी

गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दोन परजीवी म्हणजे माशाची ऊ (अर्ग्युलस) आणि नांगरकृमी (लर्निया). नावात ऊ आणि कृमी असले तरी दोघेही झिंग्या-खेकड्यांच्या कुळातले. ऊ चपटी असते आणि माशाच्या अंगावर इकडून तिकडे सरकते. नांगरकृमीची मादी डोके मांसात रुतवते, शेपटाकडे अंड्यांच्या दोन पिशव्या घेऊन बाहेर लोंबत राहते. रुतलेल्या जागी लाल जखम होते, मासा काठाला अंग घासतो, खाणे सोडतो.

लर्निया आज जगभर आहे. तो पोहत गेलेला नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि शोभेचा गोल्डफिश यांच्या वाहतुकीतून माणसानेच तो नेला. असेच नॉर्वेत 1975 मध्ये जायरोडॅक्टिलस नावाचा परजीवी स्वीडनहून आणलेल्या सॅमनच्या पिलांबरोबर आला आणि पुढे पन्नासच्या आसपास नद्यांत पसरला. तो काढण्यासाठी नद्यांत विष सोडून त्यातले मासेच मारावे लागले. वाहत्या पाण्यात शिरलेल्या परजीवीवर सोपा इलाज नसतो.

आपल्याकडे, खानदेशातल्या शहादा तालुक्यात, तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज आहेत आणि पुढे उकाईचा जलाशय आहे. पावसाळ्यात शेततळे भरून वाहिले की त्यातली बोटुकली ओढ्यातून नदीला लागते आणि अंगावरची ऊही तिच्याबरोबर जाते. म्हणून सांडव्याला बारीक जाळी हवी. अर्थात जाळी मासा अडवते, उवेचे पिल्लू नाही.

खरा बंदोबस्त बीज आणतानाच करावा लागतो. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली येते. पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवली जाते, तापमान जुळते, इथवर सगळे ठीक. मग गाठ सुटते आणि पाण्यासकट सगळे तळ्यात ओतले जाते. चूक होते ती नेमकी इथे. पिशवीतले पाणी तळ्यात जाता कामा नये. त्या पाण्यात परजीवीची पिल्ले असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. बोटुकली हातजाळीने उचलावी, 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मिनिट-दोन मिनिटे ठेवावी, मासे कलंडू लागताच काढावी. पिशवीतले पाणी दूर कोरड्या जमिनीवर ओतावे. पुन्हा सांगायचे तर: मासे तळ्यात, पाणी जमिनीवर.

मिठाने रुतलेली मादी सुटत नाही. म्हणून नवे बीज तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे उत्तम, कारण 25 ते 30 अंश तापमानात नांगरकृमीचा एक फेरा साधारण तेवढ्यात पुरा होतो. तेवढी सवड कोणी काढत नाही, ही तक्रार जुनीच आहे. तसेच शेजाऱ्याचे ओले ओढजाळे आणून आपल्या तळ्यात टाकणे हा शेजारधर्म नव्हे. जाळे, घमेली, गमबूट धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. खानदेशात उन्हाची वाण नाही.

उवेचा एक दुबळेपणा कामी येतो. अंडी घालायला ती मासा सोडते आणि दगड, काठी, भिंत अशा टणक जागी अंडी चिकटवते. तळ्यात बांबू रोवून ठेवले की ती बांबूवरही अंडी घालते. दर आठवड्याला बांबू काढून खरवडावेत, उन्हात वाळवावेत आणि पुन्हा रोवावेत. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात मात्र अंडी अस्तरावरच बसतात, म्हणून मासे काढल्यावर अस्तर घासून कोरडे करावे लागते. मातीच्या तळ्याचा तळ भेगा पडेपर्यंत वाळवून चुना टाकावा.

कपाशीवरचे औषध तळ्यात ओतण्याचा उद्योग कोणी करू नये. मासे मरतातच, शिवाय विष अंगात साठलेला मासा ताटात येतो. औषध लागलेच तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याने, मोजून.

या दोन्ही परजीवींपासून माणसाला आजार होत नाही. जखमेचा भाग काढून नीट शिजवलेला मासा खायला हरकत नाही.