पडद्यावरचे निळूभाऊ

श्रोते हो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेली मंडळी अजून पुष्कळ असतील. पडद्यावर टोपी-धोतरातला एक माणूस तिरकं हसत आला, की बायकांच्या बाजूनं बोटं मोडली जात. तो माणूस म्हणजे निळू फुले.

आता गंमत पाहा. हे निळूभाऊ मूळचे राष्ट्र सेवा दलाचे. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत आणि सेवा दलाच्या कलापथकात नाटकं करीत. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात ते झेलेअण्णा झाले, आणि तिथून बेरकी पुढाऱ्याची भूमिका म्हटली की निळू फुलेच, असं ठरून गेलं.

त्यांचा दरारा आवाज चढवण्यात नव्हता. ते हळू बोलत, शब्द लांबवीत. समोरच्याकडे नीट पाहातही नसत. १९७५ च्या ‘सामना’त ते साखर कारखान्याचे हिंदुराव धोंडे-पाटील आहेत. कथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. समोर डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर, हातात काही नसलेले. आणि मारुती कांबळे या माणसाचं काय झालं, एवढाच त्यांचा प्रश्न. हिंदुराव मास्तरांना खाऊपिऊ घालतात, जवळ बसवतात. माणूस गप्प करायची ही रीत आपल्याला नवी आहे का? आपल्याकडे उसापेक्षा कापूस जास्त. पण असा हिंदुराव जिनिंगच्या ओट्यावरही ओळखू येईल. मला वाटतं, बोटं मोडणाऱ्या बायकांना तो गावातच भेटलेला होता. पडद्यावर त्याला निदान शिव्या तरी देता येत होत्या!

आणि खरा माणूस? तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होता. सामाजिक कार्यकर्त्यांसाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता लागूंबरोबर झटत होता. लोकांचा राग ही आपल्या कामाची पावतीच आहे, असं ते मानीत. पण ती पावती बायकामुलींच्या धसक्यातून मिळे. माणसाच्या मनाला ते कुठंतरी लागतच असणार. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले.

शिक्षकबंधूंनो, शाळेच्या संमेलनात सावकार झालेल्या पोराला पुढं वर्षभर ‘सावकार’ म्हणून चिडवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या पोराला एकदा १९७९ चा ‘सिंहासन’ दाखवा. त्यात हेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, सगळं पाहणारे आणि शेवटी ते न सोसणारे. हिंदुरावाचा त्यात मागमूस नाही. आणि पुढच्या वर्षी सावकाराचा फेटा दुसऱ्या कुणाला तरी बांधा.