शैक्षणिक मजकूर सर्वांस सुगम व्हावा
(शिक्षण परिषदेतील भाषण)



फळ्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरील मुलासही दिसले पाहिजे, हा अध्यापनाचा पहिला पाठ होय. आज फळ्याचे पुष्कळसे काम भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे आले आहे. स्वाध्याय, सूचना, चित्रफिती त्यावरूनच घरोघर जातात. फळा पालटला, तरी तो नियम पालटलेला नाही.

एक उदाहरण घ्यावे. शिक्षकाने वहीत लिहिलेल्या स्वाध्यायाचे छायाचित्र पालकांच्या गटावर पाठविले. वर्गातील अंध मुलगी भ्रमणध्वनीला कान लावून बसली. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी जी सोय त्यात असते, तिला पडदावाचक म्हणतात. छायाचित्रातील अक्षरे ही पडदावाचकाच्या लेखी बहुधा अक्षरे नसून केवळ चित्र असते. म्हणून तो ‘चित्र’ एवढेच सांगून थांबला. दुसऱ्या दिवशी ‘स्वाध्याय का केला नाहीस?’ हा प्रश्न मात्र त्या मुलीलाच विचारला गेला. तोच मजकूर टंकून पाठविला असता, तर तिनेही तो इतरांबरोबर सोडविला असता.

टंकतानाही एक दक्षता हवी. जुन्या संगणकीय टंकांत मराठी अक्षरामागे रोमन अक्षराचा संकेत दडलेला असतो. डोळ्यांस ‘शाळा’ दिसते; पडदावाचकाच्या मुखातून मात्र निरर्थक ध्वनी बाहेर पडतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. असा मजकूर वाचून दाखविता येतो, मोठा करून पाहता येतो आणि ब्रेलमध्येही उतरविता येतो. सबब युनिकोडचाच अवलंब करावा.

चित्र पाठविणे अवश्य असेल, तेव्हा त्यात काय आहे ते दोन वाक्यांत लिहावे. चित्रफितीतील बोलणे कर्णबधिर मुलांसाठी खाली अक्षरांत द्यावे. बरोबर उत्तर हिरवे व चूक उत्तर लाल, एवढ्यावर विसंबू नये. काही मुलांस या दोन रंगांतील भेद कळत नाही. रंगासोबत खूणही करावी. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे टाळावीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

यासाठी मोठा खर्च येत नाही. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा संगणकावरील पडदावाचक रचण्यास आरंभ केला. तो आजही विनामूल्य मिळतो. बहुतेक अँड्रॉइड भ्रमणध्वनींत ‘टॉकबॅक’ हा पडदावाचक आधीच असतो.

कायद्याचेही हेच सांगणे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद असून माहितीची सुगमता हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. तात्पर्य, त्या मुलीला स्वाध्याय मिळणे हा तिचा हक्क आहे. तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

प्रत्येक शिक्षकाने एक लहानसा नेम करावा. स्वाध्याय पाठविण्यापूर्वी पडदावाचक सुरू करावा, डोळे मिटावेत व तो एकदा ऐकावा. ऐकून स्वतःस समजला, तरच तो मुलांकडे जाऊ द्यावा.